पोपटाला जामीनदार कोण?



बँकेच्या सदतीस वर्षांच्या नोकरीत माझा बहुतेक काळ एकाच प्रश्नाचे उत्तर देण्यात गेला : समोर आलेल्या अर्जाला ‘हो’ म्हणावे की ‘नाही’? निवृत्तीनंतर या प्रश्नातून आपली सुटका झाली, अशी माझी समजूत होती. गेल्या चैत्रात तो पुन्हा पुढ्यात आला. या वेळचा अर्ज एका पोपटाचा होता.

नाशिकला स्थायिक झालेले माझे एक जुने सहकारी माघ महिन्यात निवर्तले. आम्ही दोघे एकाच शाखेत सहा वर्षे समोरासमोरच्या टेबलांवर बसत होतो. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी एक मोठा परदेशी पोपट पाळला होता. निळी पाठ, सोनेरी-पिवळे पोट आणि काळी बाकदार चोच असलेला हा पक्षी मकाऊ या जातीचा. शेपटीसह लांबी पाऊण मीटरहून अधिक, वजन किलोभर, आणि पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत मीटरभराहून जास्त. मित्राचा मुलगा कॅनडात असतो. उत्तरकार्य आटोपून परत जाताना त्याने मला फोन केला. “काका, बाबांचा पक्षी तुम्ही एरंडोलला न्याल का? मला तो तिकडे नेणे जमणार नाही. विकायला मन होत नाही. तुमचे घर जैनाचे आहे, तिथे त्याला कोणी दुखावणार नाही.”

शेवटचे वाक्य ऐकून मला क्षणभर अभिमान वाटला. दुसऱ्या क्षणी वाटले, हे तारण म्हणून पुरेसे आहे काय?

आमच्या सौभाग्यवतींचे मत तत्काळ ठरले. दोन्ही मुले पुण्यात, नातवंडे सुटीपुरती येणारी. घरात दिवसभर घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येते. “अहो, नाही म्हणू नका,” त्या म्हणाल्या, “एक जीव निराधार झाला आहे. जीवदया म्हणजे आणखी काय असते?” या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तरीही माझ्या तोंडून ‘हो’ निघेना. त्याचे कारण मी त्यांनाही लग्नानंतर इतक्या वर्षांत सांगितले नव्हते, ते येथे सांगतो.

मी दहा वर्षांचा असताना आमच्या एरंडोलच्या घरात एक हिरवा पोपट होता. शेतातील राखणदाराने पिल्लू असताना आणून दिलेला. लोखंडी तारांचा पिंजरा पडवीत टांगलेला असे. वडिलांनी त्याला ‘जय जिनेंद्र’ म्हणावयास शिकविले होते आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याचे कौतुक करी. वैशाखात पारोळ्याला लग्न होते. निघताना वडील मला म्हणाले, “शेजारच्या काकूंना पोपटाच्या पाण्याचे सांगून ये.” मी निघालो, वाटेत विटीदांडूचा डाव दिसला आणि निरोप राहून गेला. दोन दिवसांनी परतलो तेव्हा पाण्याची वाटी कोरडी होती आणि पोपट पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला होता. खानदेशातील वैशाख काय असतो, हे येथील वाचकांना सांगावयास नको. वडील मला रागावले नाहीत. त्यांनी पिंजरा माळ्यावर टाकला आणि त्यानंतर आमच्या घरात पक्षी आला नाही.

आपल्या प्रतिक्रमणात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार येतात. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सातव्या अध्यायात तेच पाच सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे जीवाला बांधून वा कोंडून ठेवणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, त्याच्यावर शक्तीबाहेर भार लादणे, आणि त्याचे अन्नपाणी रोखणे. यांपैकी पाचवा शब्द आला की छपन्न वर्षांनंतर आजही मला ती कोरडी वाटी दिसते.

म्हणून मी ठरविले की या अर्जाचा निर्णय मायेच्या भरात करावयाचा नाही. प्रत्यक्ष पाहणी करावी, कागद पाहावेत, मग मंजुरी किंवा नामंजुरी. धुळे, मालेगाव, चांदवड असा पाच-सहा तासांचा एस.टी.चा प्रवास करून मी नाशिकला गेलो.

मित्राच्या घरी एक अख्खी खोली त्या पक्ष्याला दिलेली होती. खिडकीला जाळी, मधोमध वाळलेल्या झाडाची फांदी रोवलेली, कोपऱ्यात मोठा पिंजरा. त्याचे दार बहुधा उघडेच असे. मी आत गेलो तेव्हा त्याने मान तिरकी करून मला एका डोळ्याने न्याहाळले आणि म्हणाला, “टॅली झाली का?”

आवाज माझ्या मित्राचा होता. दिवसाअखेरीस रोकड मोजून झाली की ते टेबलापलीकडून नेमके याच सुरात विचारीत. मी भिंतीला टेकून थोडा वेळ उभा राहिलो. त्या क्षणी कोणी सहीसाठी कागद पुढे केला असता, तर मी तो न वाचता सही केली असती. वाचकहो, हाच तो क्षण आहे, ज्यापासून सावध राहावयाचे असते. पाळीव प्राणी घरात येतो तो बहुधा अशाच क्षणी, आणि त्या क्षणाची परतफेड तो प्राणी पुढे कित्येक वर्षे करीत राहतो.

वर्षांचा हिशोब प्रथम मांडू. हा पक्षी नऊ वर्षांचा आहे. चांगली निगा राखली तर मकाऊ पन्नास ते साठ वर्षे जगू शकतो. माझे वय सहासष्ट. त्याचे आयुष्य पुरे व्हावयाचे तर मला एकशे सात ते एकशे सतरा वर्षांपर्यंत त्याची सेवा करावी लागेल. कर्जाची मुदत अर्जदाराच्या निवृत्तीपलीकडे जाऊ नये, हा नियम मी आयुष्यभर इतरांना सांगितला. येथे तर मुदत माझ्या आयुष्यापलीकडे जात होती. मोठा पोपट पाळणे म्हणजे अशी ठेव स्वीकारणे, जिची मुदत संपण्यापूर्वी आपणच संपणार आहोत. अशा व्यवहारात वारसाची नोंद हवी, आणि तो वारस राजीखुशीने तयार हवा. पुण्यातील माझ्या मुलांना मी फोनवर विचारले. दोघांनीही प्रेमाने सांगितले, “बाबा, आमच्या फ्लॅटमध्ये ते शक्य नाही.” त्यांच्या प्रामाणिकपणाचा मला राग आला नाही. पुण्यातच शिवाजीनगर भागात २०२२ मध्ये एका ज्येष्ठ नागरिकाने शेजाऱ्याच्या पोपटाच्या अखंड किंचाळण्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती आणि तिची नोंदही झाली होती. तो पोपट लहान होता. मकाऊचा आवाज तर जंगलातील दूरच्या थव्यापर्यंत पोहोचावा म्हणून निसर्गाने घडविलेला आहे. तो भिंतींना जुमानत नाही.

दुसरा हिशोब निगेचा. मित्राने बँकेच्या शिस्तीने एक वही ठेवली होती. फळे, भाज्या, दाणे, तयार खाद्य, चघळण्यासाठी लाकूड आणि पशुवैद्य मिळून महिन्याला साडेपाच हजारांच्या आसपास खर्च. पैशांपेक्षा वेळेचा रकाना मला अधिक बोलका वाटला. सूर्यास्तानंतर त्याला दहा-बारा तासांची शांत झोप लागते. त्यामुळे तो जन्मतःच चौविहार पाळतो, असे मित्र थट्टेने म्हणत. दिवसा मात्र काही तास पिंजऱ्याबाहेर मोकळेपणी आणि माणसांच्या सहवासात जावे लागतात. हे पक्षी थव्याने राहणारे. एकट्याने कोंडलेला पोपट कंटाळून स्वतःचीच पिसे उपटू लागतो. केवळ सूर्यफुलाच्या बिया खाऊ घातल्या तर चरबी वाढून यकृत बिघडते. ‘अ’ जीवनसत्त्वासाठी गाजर सुचवितात. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात लाल भोपळा, पपई आणि हिरव्या पालेभाज्यांनी ते काम भागते. चहा, चॉकलेट त्याला विषासमान, आणि न चिकटणारा तवा अति तापला तर त्याच्या वाफेनेही पक्षी दगावतो. आमच्या घरातील सागवानी खांब त्याच्या चोचीपुढे किती टिकले असते, हा प्रश्न मी सौभाग्यवतींसमोर काढलाच नाही.

या पक्ष्यांची बुद्धी हा तर स्वतंत्र विषय आहे. अमेरिकेत आयरिन पेपरबर्ग या संशोधिकेने १९७७ मध्ये दुकानातून विकत आणलेल्या अ‍ॅलेक्स नावाच्या आफ्रिकी करड्या पोपटावर तीस वर्षे अभ्यास केला. तो वस्तूंची नावे, रंग, आकार आणि लहान संख्या ओळखून सांगे. २००७ मध्ये तो वारला. अशा बुद्धीच्या जीवाला एकटे ठेवणे म्हणजे चुणचुणीत बालकाला खोलीत कोंडून, वेळच्या वेळी ताट सरकवून देणे होय.

तिसरा हिशोब कायद्याचा. याबाबत आपल्या समाजात समज अगदी उलटा आढळतो. परदेशी पक्षी पाळणे बेकायदा आणि आपला हिरवा राघू पाळणे घरगुती बाब, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक भारतातील सर्व रानपोपट, मग तो गळ्यात गुलाबी पट्टा असलेला नेहमीचा असो वा खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी असो, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादाही वाढली आहे. परदेशी जातींसाठी निराळी व्यवस्था आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात समाविष्ट असलेला मकाऊसारखा पक्षी बाळगणाऱ्याने केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावयाची असते. २०२४ च्या नियमांप्रमाणे पक्षी एका घरातून दुसऱ्या घरी गेला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मरण पावला, तर तेही कळवावे लागते. माझ्या मित्राचे कागद चोख होते. तसे नसते तर मी पुढचा विचारच केला नसता.

विदर्भात राजुरा येथे २०१५ च्या ऑगस्टमध्ये एक प्रकरण घडले, ते पुष्कळांनी वर्तमानपत्रांत हसत हसत वाचले असेल. आपल्याला शिव्या देण्यास नातेवाइकाने पोपटाला शिकविले, अशी पंचाऐंशी वर्षांच्या एका वृद्धेची तक्रार होती. पोलिसांनी माणसांसह पोपटालाही ठाण्यात आणले. तेथे तो एक शब्द बोलला नाही, आणि अखेर त्याला वनविभागाच्या स्वाधीन करण्यात आले. मला त्या बातमीत हसण्यापेक्षा निराळे काही दिसले. भांडण माणसांचे, भाषा माणसांची आणि पिंजरा पोपटाचा. आमच्या पोपटाच्या तोंडी जिनेंद्राचे नाव होते, एवढ्याने त्याचा पिंजरा निराळा ठरला नव्हता.

आता शास्त्राकडे वळतो, कारण आमच्या घरातील खरा वाद तेथेच होता. शेषकाळात विहार करीत आपल्या गावी आलेल्या साध्वीजींच्या दर्शनास आम्ही उभयता गेलो आणि शंका मांडली. अर्थात ‘पाळा’ किंवा ‘पाळू नका’ असे त्यांनी सांगितले नाही. गृहस्थाच्या आरंभाला साधुसाध्वी अनुमोदना देत नाहीत. त्यांनी केवळ अतिचारांचा अर्थ पुन्हा उलगडून सांगितला. ‘बंध’ या शब्दावर जुन्या टीकाकारांनी बारकाईने विचार केला आहे. श्रावकाने शक्यतो असेच प्राणी ठेवावेत, ज्यांना बांधावे लागत नाही. आणि बांधण्याची वेळ आलीच तर गाठ सैल असावी, म्हणजे आग लागली तर सोडविता येईल. शेकडो वर्षांपूर्वी गोठ्यातील गाठीपर्यंत विचार करणाऱ्या या परंपरेपुढे माझे मस्तक नम्र झाले.

पुढे त्यांनी कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्राच्या तिसऱ्या प्रकाशाकडे लक्ष वेधले. बाराव्या शतकातील या ग्रंथात श्रावकाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय, म्हणजे कर्मादाने, सांगितली आहेत. त्यांत ‘असतीपोषण’ नावाचे एक आहे. मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा आणि मोर यांचे द्रव्यासाठी पोषण करणे त्यात मोडते. पोपटाचे नाव तेथे स्पष्ट आहे. म्हणजे पक्ष्यांची पैदास करून विकणाऱ्याच्या दुकानात श्रावकाने दुकानदार म्हणून उभे राहू नये. मग ग्राहक म्हणून उभे राहणे तरी कसे शोभेल? आपल्या पैशावरच तो व्यवसाय चालतो. पंख छाटून पक्ष्याला घरात ठेवण्याची चाल तर सरळ ‘छेद’ या अतिचारात येते.

भगवान नेमिनाथांची कथा आपण मुलांना सांगतो. वरातीसाठी वाड्यांत आणि पिंजऱ्यांत कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश ऐकून त्यांनी रथ फिरविला आणि गिरनारची वाट धरली. मात्र त्या प्राण्यांना सोडल्यावर जाण्यासाठी त्यांचे रान जवळच होते. आमच्या अर्जदाराचे रान दक्षिण अमेरिकेत आहे, आणि ते त्याने कधी पाहिलेले नाही. अंजनीकाठच्या झाडांवर त्याला सोडले असते, तर दोन दिवसांत उपाशी मेला असता किंवा कावळ्यांनी त्याचा पिच्छा पुरविला असता. त्याला मुक्ती म्हणता येत नाही. ती जबाबदारीतून आपली सुटका ठरते. मनुष्याने पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढविलेला जीव त्याच्या आयुष्याच्या अंतापर्यंत मनुष्याचाच ऋणको नव्हे, धनको आहे.

येथे सौभाग्यवतींचे म्हणणे बरोबर होते, हे मी मान्य केले. विकत घेणे वर्ज्य असले तरी निराधार झालेल्याला आसरा देणे वर्ज्य नाही. आपल्या पूर्वजांनी पांजरापोळी काढल्या त्या याच भावनेने. मुंबईत भुलेश्वर भागातील पांजरापोळ १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने उभी राहिली. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात जखमी पक्ष्यांवर विनामूल्य उपचार होतात आणि बरे झालेले पक्षी गच्चीवरून आकाशात सोडले जातात. पांजरापोळ आणि घरचा पिंजरा यांत एक फरक आहे. पांजरापोळीचा कारभार विश्वस्तांचा असतो. एक विश्वस्त गेला तरी दुसरा येतो आणि गाईला चारा मिळतो. घरच्या पिंजऱ्यामागे एकच माणूस असतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या जल्लिकट्टूच्या निकालात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख केला : भूक-तहान, अस्वास्थ्य, वेदना व रोग, आणि भीती यांपासून मुक्ती, तसेच आपल्या जातीच्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. आपले पाच अतिचार आणि ही पाच स्वातंत्र्ये एकमेकांशेजारी लिहून पाहा. एका बाजूला काय करू नये ते आहे, दुसऱ्या बाजूला काय द्यावे ते आहे. दोन्ही रकान्यांची बेरीज जुळते.

त्या बेरजेत एरंडोलच्या घराला मी प्रामाणिकपणे गुण दिले. प्रेम भरपूर. मोकळी जागा पुरेशी. परंतु उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसवर जाणार आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. आमच्या पंचक्रोशीतील पशुवैद्य गुराढोरांचे उत्तम जाणकार आहेत; परदेशी पक्ष्याच्या आजाराविषयी विचारले तेव्हा त्यांनी स्वतःच नाशिक-पुण्याचा मार्ग दाखविला. दरवर्षी आम्ही महिनाभर यात्रेस जातो. आणि वारस नाही. म्हणजे पक्ष्याला आणखी एकदा निराधार होण्यासाठीच आम्ही आसरा देणार होतो, आणि त्या वेळी तो तीस वर्षांचा झालेला, आमचा आवाज शिकलेला असता. छपन्न वर्षांपूर्वी मी एक निरोप विसरलो होतो. या वेळी सर्व आठवत असूनही ‘हो’ म्हटले असते, तर तो दोष विसरण्याचा राहिला नसता.

षोडशकारण भावनांत त्याग आणि तप यांच्या आधी ‘शक्तितः’ असा शब्द येतो. आपल्या शक्तीप्रमाणे. त्या शब्दाचा अर्थ मी इतके दिवस सवलत असा घेत होतो. नाशिकच्या त्या खोलीत तो मला कर्तव्य म्हणून उमगला. दया करावयाची ती आपली शक्ती नीट मोजून. शक्तीपलीकडच्या दयेचा भार शेवटी ज्याच्यावर दया केली त्याच्याच पाठीवर येतो.

मी नकाराचे वाक्य मनात जुळवीत बसलो असताना मित्राची भाची आत आली. वय अठ्ठावीस, जवळच राहते, एका शाळेत शिकविते. मामांच्या आजारपणात वर्षभर पक्ष्याचे सर्व तीच पाहत होती. तिला पाहताच तो फांदीवरून उडाला आणि तिच्या दंडावर बसला. तिने न पाहता त्याच्या मानेची पिसे खाजवली. मी विचारले, “बेटा, हा तुझ्याकडेच का राहू नये?” ती थोडी चाचरली. म्हणाली, “मला कोणी विचारलेच नाही, काका. सगळे म्हणतात, उद्या हिचे लग्न होईल, मग पक्षी कुठे जाईल? आणि एवढा खर्च माझ्या पगारात बसत नाही.”

सबंध आयुष्य अर्ज तपासण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे आधी सुचावयास हवे होते. योग्य अर्जदार त्या खोलीत रोज दोनदा येत होता. अर्ज मात्र आम्ही दोनशे किलोमीटरवरच्या माणसाकडून मागवीत होतो. तिच्याजवळ वय होते, अनुभव होता, पक्ष्याचा विश्वास होता आणि शहरात पशुवैद्य होता. उणीव फक्त जामीनदाराची होती.

त्या संध्याकाळी कॅनडाला फोन झाला. पक्षी भाचीच्या नावे करावयाचा, नोंदणीतील बदल परिवेशवर कळवावयाचा, निम्मा खर्च मुलाने आणि उरलेल्यातील मोठा वाटा मी द्यावयाचा, असे ठरले. लग्नाच्या वेळी सासरच्यांना हा पक्षी आधीच दाखवावयाचा, हेही तिने हसत कबूल केले. तिची धाकटी बहीण वारस म्हणून तयार झाली. दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या निवृत्तिवेतनातून रक्कम आपोआप वळती व्हावी, अशी सूचना मी बँकेत देऊन ठेवली आहे. आमच्या इच्छापत्रातही तिची तरतूद केली आहे. जामीनदार मेला तरी जामीन बुडू नये.

हा निर्णय सर्वथा निर्दोष आहे, असे मी म्हणत नाही. तो पक्षी आजही चार भिंतींच्या आत आहे आणि ‘बंध’ संपलेला नाही. गाठ तेवढी सैल आहे. सौभाग्यवती दोन दिवस माझ्याशी मोजकेच बोलल्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांना माझ्या लहानपणीच्या पोपटाची गोष्ट सांगितली. त्या काही म्हणाल्या नाहीत. मात्र दुपारी धाब्यावर पाण्याने भरलेली मातीची पसरट कुंडी ठेवून आल्या. आता सकाळ-संध्याकाळ रानपोपट तेथे उतरतात, पाणी पितात, भांडतात आणि अंजनीकडे निघून जातात. त्यांना कोणतेही नाव दिलेले नाही.

वाचकांना दोन विनंत्या करून थांबतो. ज्यांच्या घरी आपला देशी राघू पिंजऱ्यात असेल, त्यांनी तो परस्पर दार उघडून सोडू नये. उडणे विसरलेला पक्षी पहिल्याच मांजराच्या तावडीत सापडतो. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून त्यांच्या मार्गदर्शनाने तो सुपूर्द करावा. दुसरी विनंती जरा अप्रिय आहे. महावीर जयंतीला वा पर्युषणात बाजारातून पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. भावना उदात्त असली तरी मागणी आहे म्हणूनच फासेपारधी जाळे टाकतो, आणि विक्रीपर्यंत जिवंत पोहोचलेल्या पक्ष्यामागे वाटेत मेलेलेही असतात. तेवढेच पैसे पांजरापोळीला किंवा पक्ष्यांच्या दवाखान्याला द्यावेत.

पर्युषण जवळ आले आहे. संवत्सरीच्या दिवशी आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. ‘सर्व’ म्हणताना मन कोणा एकाजवळ थांबत नाही, म्हणून ते सोपे जाते. यंदा मी नाव घेऊन मागणार आहे. आमच्या पडवीतल्या त्या पोपटाला आम्ही मिठू म्हणत असू.

जय जिनेंद्र.